डाव्या मनगटावरचा रुमाल

"मला उसळ नगं," भागी म्हणाली आणि तिनं ताट माझ्याकडे सरकवलं.

मी दचकलेच. भागी म्हणजे भाग्यश्री सुरवसे, आमच्या खो-खोच्या संघातली सगळ्यात चपळ आणि सगळ्यात खादाड पोरगी. पंगतीत तिच्या शेजारी बसायला कुणी धजावत नसे, कारण स्वतःचं ताट चाटूनपुसून झालं की तिचा हात शेजारणीच्या ताटात यायचा. मी वर बघितलं तर ती एका हातानं आणि दातांनी डाव्या मनगटाला पांढरा रुमाल बांधत होती. मग मी काही विचारलं नाही. तिची उसळ खाऊन टाकली.

त्या रुमालाचं आधी सांगायला हवं. आम्ही उमरग्याच्या, नववी-दहावीतल्या पोरी. आम्हाला खेळ शिकवायला होते बिराजदार सर. आवाज असा की मैदानाच्या या टोकाला ओरडले तर पलीकडच्या शेतातली बैलं थांबायची. पण स्वभावानं भलतेच लाजाळू. एखाद्या पोरीच्या कपड्याचं, केसांचं काही निघालं तरी ते मान वळवून खो-खोच्या खांबाकडे बघत बसायचे, जसा काही तो खांब वाकडाच पुरलाय. अशा माणसाला पाळी आल्याचं सांगायचं कसं? आम्ही तर घरात आईलाही धड सांगत नव्हतो. मी आज एसटीत कंडक्टर आहे, भरल्या गाडीत कुणालाही दरडावते. पण तेव्हा तो शब्द माझ्या तोंडून एकदाही बाहेर पडलेला नव्हता.

म्हणून आमच्या आधीच्या पोरींनी एक पद्धत पाडून ठेवली होती. पाळी आली की डाव्या मनगटाला पांढरा रुमाल बांधायचा. तो दिसला की बाकीच्यांनी चकार शब्द न काढता त्या पोरीचा भार वाटून घ्यायचा. तिचं पाणी एकीनं भरायचं, पिशवी दुसरीनं उचलायची, आणि सरावात ती थकली की तिसरीनं पाय मुरगळल्याचं सोंग करून सगळ्यांनाच घटकाभर बसायला मिळवून द्यायचं. हे सोंगाचं काम बहुतेक वेळा माझ्याकडे यायचं. त्या वर्षी माझा पाय इतक्यांदा मुरगळला की सर मला लंगडी म्हणायला लागले होते.

शिवाय आमचं नशीबही बरं होतं. जिच्या हाताला रुमाल असेल तिला सर त्या दिवशी नेमके धावणाऱ्यांच्या शेवटच्या तुकडीत ठेवायचे, म्हणजे तिला उगाच जास्त पळावं लागायचं नाही. देव आहे गं, असं आम्ही एकमेकींना म्हणायचो.

तर आम्ही फलटणला स्पर्धेसाठी गेलो होतो. एका शाळेच्या हॉलमध्ये मुक्काम होता. उपांत्य सामना जिंकून आम्ही जेवायला बसलो होतो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी अंतिम सामना होता. संघासोबत यायच्या बाईंना ऐनवेळी घरचं काही निघालं आणि त्या आल्याच नाहीत. त्यामुळे आम्ही पोरी, आणि एकटे सर.

सर स्वतः बादली घेऊन वाढत होते. आमच्यापाशी आले. "भाग्यश्री, का गं, तू..." एवढंच म्हणाले आणि थांबले. हॉलमध्ये खांब नव्हता, म्हणून त्यांनी खिडकीकडे बघितलं. "बरं. जेवणं उरका आणि लवकर आडवं व्हा सगळ्या." असं म्हणून पुढे गेले.

जेवणानंतर आमची कप्तान रझिया शेख हिनं सगळी सूत्रं हातात घेतली. भागीची सतरंजी भिंतीकडेला अंथरली. स्वयंपाकघरातून गरम पाणी आणून बाटलीत भरलं, बाटलीला टॉवेल गुंडाळला आणि ती भागीच्या पोटावर ठेवली. कुणी ओवा चावायला दिला. कुणाच्या तरी आईनं बांधून दिलेली दुखण्यावरची गोळी निघाली.

"लई दुखतंय का?" रझियानं विचारलं.

"पिळवटल्यावानी होतंय. आन् पोट पण बिघडलंय. दोनदा जाऊन आले."

"मला पण पहिल्या दिवशी तसंच होतंय," रझिया म्हणाली. "पाळीत पोट ढिलं होतंयच गं. उद्या बरं वाटतंय बघ."

यात खोटं काही नव्हतं. पुष्कळ जणींना तसं होतं, मलाही व्हायचं. आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. घरी कधी डॉक्टरचं तोंड न बघितलेल्या आम्ही त्या संध्याकाळी एकदम डॉक्टर झालो होतो.

मी माझ्या पिशवीतलं एक पॅड काढून भागीला दिलं. तिनं ते तिच्या बॅगेत कोंबलं.

"अजून आली न्हाई," ती हळूच म्हणाली. "दुखतंय म्हंजी येतीयच आता."

"उद्या खेळशील ना?"

"कालिंदे, येड्यावानी काय विचारतीस?"

खरंच वेड्यासारखं विचारलं होतं मी. अंतिम सामना बघायला राज्याच्या संघासाठी पोरी निवडणारे लोक येणार होते. भागीच्या वडिलांनी तिला घरून निघतानाच बजावलं होतं की या खेपेला राज्याच्या संघात आलीस तर पुढं खेळ, नाहीतर दहावी झाली की हे पळापळीचं बास. बास म्हणजे पुढं काय, ते आम्हाला सगळ्यांना ठाऊक होतं. तिच्या थोरल्या बहिणीचं झालंच होतं तसं. आणि भागीसारखा खांबावर सूर मारणारी पोरगी मी त्यानंतर आजवर बघितलेली नाही. ती हवेत असताना मला माझा स्वतःचा डाव विसरायला व्हायचं.

सकाळी ती उठली तेव्हा तिच्या तोंडाचा रंगच गेला होता. नळामागे जाऊन उलटी करून आली. रझियानं तिला चहा पाजला, तोही पोटात ठरला नाही. पुन्हा एक गोळी दिली. अर्ध्या तासानं भागी म्हणाली की आता बरं वाटतंय, आणि केस बांधून तयार झाली. मैदानावर जाताना तिची बॅग मी घेतली, पाण्याची बाटली दुसरीनं घेतली. भागी आमच्या मधोमध चालत होती, जरा वाकून, उजवा हात कमरेवर ठेवून. बघणाऱ्याला वाटलं असतं की काय जिवाभावाच्या मैत्रिणी आहेत. होतोच आम्ही तशा.

मैदानाच्या कडेला आम्ही बसलो. सर खांब हलवून बघायला गेले. भागी म्हणाली, "बॅगंतलं माझं गुडघ्याचं घालायचं काढ गं."

मी बॅगेत हात घातला आणि माझ्या हाताला ते पॅड लागलं. तसंच, घडी न मोडलेलं.

"अजून आली नाही?"

"येईल की."

"रात्रभर दुखतंय आन् अजून आली नाही?"

"प्रवासानं मागंपुढं होतंय."

होतं, प्रवासानं मागंपुढं होतं. पण माझ्या डोक्यात दुसरंच काही फिरायला लागलं. आम्ही उमरग्याहून निघालो त्याच्या आदल्याच आठवड्यात, सरावाच्या वेळी, मी पाय मुरगळल्याचं सोंग केलं होतं. ते कुणासाठी केलं होतं? भागीसाठी. तिच्या हाताला रुमाल होता तेव्हा. मग इतक्यात परत कशी येईल?

मी तिच्यासमोर उकिडवी बसले. "भागे, कुठं दुखतंय ते बोट ठिवून दाखव."

"आता काय डॉक्टरीण झालीस व्हय?"

"दाखव म्हणते ना."

"काल हितं होतं," असं म्हणून तिनं बेंबीभोवती हात फिरवला. "आता हितं आलंय." तिचं बोट खाली सरकलं आणि उजव्या बाजूला एका जागी थांबलं. थांबल्यावर तिनं डोळे मिटले.

माझी पाळी मला माहीत होती. ती ओटीपोटभर पसरते, कमरेत उतरते, मांड्यांत जाते. जरा येते, जरा सोडते. ती अशी एका बोटाच्या जागेवर पाय रोवून बसत नाही.

"उठ बघू. एक उडी मार."

"कालिंदे, जा गं."

"एकच मार. तू तर आता खांबावर सूर मारणारैस."

ती उठली. उडी मारली म्हणण्यापेक्षा टाचा उचलून खाली टेकवल्या एवढंच. तेवढ्यानंही तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी ऐकला आणि रझियानंही ऐकला. मी तिच्या कपाळाला हात लावला तर चटका बसला.

"हे पाळीचं न्हाई," मी म्हणाले.

"मग काय असंल?" रझियाचा आवाज एकदम बारीक झाला.

"मला काय ठावं? पण सरांना सांगायला पाहिजे."

भागीनं माझा हात धरला. त्या हातातही ताप होता. "सांगितलंस तर मला बसवतील. मग झालंच माझं. तुला माझी शपथ हाय, कालिंदे. हा एक सामना होऊ दे. मग कुठं बी ने."

मला अजून तिची पकड आठवते. तिचं काय जाणार होतं ते मला कळत होतं. शपथ मोडली तर पोरगी मरते अशी माझी तेव्हा समजूत होती. न मोडली तरी मरेल असं वाटत होतं. मी हात सोडवून घेतला आणि मैदानातून सरळ खांबाकडे चालत गेले.

सर खांबाच्या बुडाशी माती दाबत होते.

"सर, भागीचं पोट दुखतंय."

"हं," त्यांनी मान वर केली नाही. "ठीकाय. शेवटच्या तुकडीत टाकतो तिला. जा तू."

"तसलं न्हाई, सर."

"बरं बरं. कळलं. जा, पाणी पी."

"सर, तसलं न्हाई ते!"

"मग कसलं?" ते खांबालाच विचारत असल्यासारखे म्हणाले.

आता त्या शब्दाशिवाय गाडी पुढे जाणार नव्हती. मी डोळे मिटले आणि ओरडलेच, "पाळी न्हाई सर! तिला पाळी आलेलीच न्हाई! आम्हाला वाटलं पाळी हाय, पण ती मागल्याच आठवड्यात येऊन गेली! हे उजव्या बाजूला दुखतंय, ताप आलाय, उलटी झालीय, आन् तिला साधी उडी मारता येईना!"

मैदानाच्या त्या बाजूला चुना टाकणारा माणूस होता, तो चुना टाकायचा थांबला. पलीकडच्या संघातल्या पोरी वळून बघायला लागल्या. मी डोळे उघडले तर सर खांबाकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

ते पळतच भागीपाशी गेले. गुडघ्यावर बसले. "बाळा, पाय सरळ कर," म्हणाले. तिला उजवा पाय लांब करता येईना. त्यांनी आणखी काही विचारलं नाही. आयोजकांची जीप उभी होती, ती मागितली, भागीला उचलून मागच्या सीटवर ठेवलं आणि मला म्हणाले, "लंगडे, चल बस. तिचं डोकं मांडीवर घे." मग रझियाकडे वळले. "तुम्ही खेळा."

"सर, तुम्ही नसताना?"

"मी काय खो घ्यायला पाटीवर बसतो का तुमच्यात? खेळा."

जीपमध्ये प्रत्येक खड्ड्याला भागी कण्हत होती आणि प्रत्येक खड्ड्याला सर ड्रायव्हरला म्हणत होते, "दादा, सावकाश. दादा, लवकर." त्या बिचाऱ्यानं काय करावं?

दवाखान्यात डॉक्टरीण बाई होत्या. त्यांनी भागीचं पोट उजवीकडे हलकेच दाबलं आणि हात झटकन सोडला. दाबताना दुखलं त्याहून सोडताना जास्त दुखलं. बाकीच्या तपासण्या झाल्यावर त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "अपेंडिक्स आहे. आतडं सुजलंय, अजून फुटलेलं दिसत नाही. लगेच काढून टाकू. बरं झालं आता आणलंत. हा सामना खेळली असती तर सांगता येत नव्हतं."

मग माझ्याकडे वळल्या. "काय काय दिलं होतं हिला?"

मी सांगितलं. गोळ्या, ओवा, पोटावर गरम बाटली.

त्या चिडल्या नाहीत. "पाळी असती तर यातलं काही चुकीचं नव्हतं," त्या म्हणाल्या. "पण गोळीनं दुखणं झाकतं, आणि सुजलेल्या आतड्यावर शेक देऊ नये. सुरुवातीला दोन्ही दुखणी सारखीच वाटतात गं. पाळीतसुद्धा मळमळतं, जुलाब होतात. पण दुखणं एका जागी घट्ट बसलं, वाढतच गेलं, ताप आला, चालताना हिसका बसला, की घरचे उपाय बास करायचे आणि दवाखाना गाठायचा. बोट ठेवून दाखव म्हणायला कुणी शिकवलं तुला?"

"कुणी न्हाई. सुचलं."

"छान सुचलं," असं म्हणून त्या आत गेल्या.

मग बाकावर मी आणि सर उरलो. सर आपली शिट्टी बोटाभोवती गुंडाळत होते, सोडत होते. मला रडायला येत होतं म्हणून मी बोलायला लागले. "सर, तो रुमाल असतो ना आमचा, डाव्या हाताला. तुम्हाला ठावं नसंल, पण..."

"ठाऊक आहे."

मी वळून त्यांच्याकडे बघितलं.

"पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे. मला तीन बहिणी आहेत, कालिंदा."

"म्हंजी ती शेवटची तुकडी..."

"मग काय आपोआप होत होतं?"

मला हसूही आलं आणि लाजही वाटली. इतकी वर्षं देवाच्या खात्यावर टाकलेलं सगळं या माणसाचं होतं. "मग कधी बोललात कसं न्हाई, सर?"

"तुम्ही लपवत होता. तुम्हाला लाज वाटू नये म्हणून मी बघायचोच नाही." त्यांनी शिट्टी खिशात टाकली. "काल वाढायला आलो तेव्हा तिच्या ताटात काही नव्हतं. भागीच्या ताटात! मी विचारणार होतो, बाळा काय होतंय. तेवढ्यात हाताचा रुमाल दिसला आणि मी पुढं गेलो. तो रुमाल नसता ना, तर मी काल रात्रीच तिला इथं आणलं असतं."

तिचं पाणी भरणारी, तिची सतरंजी घालणारी, बाटली गरम करणारी आणि नजर वळवणारे सर, आम्ही सगळे तिच्यावर जीव टाकत होतो. आणि त्या मायेपायी रात्रभर पोरीला कुणी नेमकं कुठं दुखतंय हा साधा प्रश्न विचारला नव्हता.

दुपारी रझिया आणि बाकीच्या पोरी घामाघूम तशाच दवाखान्यात आल्या. आम्ही हरलो होतो. सरांनी विचारलंसुद्धा नाही. "शुद्धीवर आलीय," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि रझिया तिथंच फरशीवर बसून रडली.

भागी त्या वर्षी राज्याच्या संघात आली नाही. पण सर उमरग्याला परतल्यावर तिच्या घरी गेले आणि तिच्या वडिलांपुढे असा ठिय्या देऊन बसले की आणखी एक वर्ष मिळवूनच उठले. पुढच्या वर्षी ती संघात होती. मी तिची शपथ मोडली म्हणून ती माझ्याशी महिनाभर बोलली नाही आणि मग एके दिवशी पंगतीत माझ्या ताटातली भाकरी उचलून खाल्ली, तेव्हा मिटलं.

पण मला सांगायचाय तो दिवस त्याच्या आधीचा. परतल्यानंतरचा पहिला सराव. भागी टाके सांभाळत कडेच्या दगडावर बसली होती. सरांनी आम्हाला रांगेत उभं केलं. त्यांचे कान लालभडक झाले होते. मग मैदानभर ऐकू जाईल अशा, नेहमीच्या हुकमाच्या आवाजात म्हणाले, "इथून पुढं कुणाचं पोट दुखलं तर मला सांगायचं. पाळीचं असलं तर पाळीचं म्हणून सांगायचं. नसलं तर नसलं म्हणून सांगायचं. नाही सांगितलं तर मी विचारणार. समजलं?"

पलीकडच्या शेतातली बैलं थांबली असतील. आम्ही सगळ्याजणी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत उभ्या. कुणी वर बघेना.

शेवटी रझियानं डावा हात पुढं केला. मनगटावर रुमाल होता. तिनं गाठ सोडली, रुमाल घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाली, "सर, मला पाळी आलीय."

"बरं. दुखतंय?"

"थोडं."

"कुठं दुखतंय, बोट ठेवून दाखव," सर म्हणाले, आणि या वेळी त्यांनी खांबाकडे बघितलं नाही.